कळा नाहीत, पण पाणी गेलंय

आठवा महिना लागलेला, आणि पहाटे अंथरूण ओलं होतं. कळा नाहीत, दुखत नाही. लघवी झाली असेल असं समजून बाई चुलीकडे वळते. संगमेश्वर-लांज्याच्या आडवाडीतून रत्नागिरी गाठायची तर अर्धा दिवस मोडतो. पोटात दुखू लागलं की बघू, असं घरचेही म्हणतात. नेमकी इथेच वेळ हातची जाते.

बाळाभोवतीच्या पाण्याची पिशवी, म्हणजे पाणमोट, ३७ आठवड्यांआधी, कळांशिवायही फुटू शकते. शंभरांतल्या साधारण तिघींना हे होतं. फुटलेल्या पाणमोटेतून जंतू वर चढतात. आईला ताप येतो, बाळाच्या रक्तात संसर्ग पसरू शकतो. नाळ खाली घसरली, तर बाळाचा रक्तपुरवठाच अडतो.

पण मोठा धोका अपुऱ्या दिवसांचा. फुप्फुसांतल्या बारीक फुग्यांना आतून सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध थर लागतो. तो कमी असला की प्रत्येक श्वास सोडताना फुगे मिटतात आणि बाळ कण्हत, छाती आत ओढत श्वास घेतं. पाणी चोविसाव्या आठवड्याआधीच गेलं, तर फुप्फुसांची वाढच खुंटू शकते.

म्हणूनच इस्पितळात धावत पोचल्यावर डॉक्टर 'थांबू या' म्हणतात, तेव्हा घरच्यांनी घाबरू नये. ३४ आठवडे झालेले नसतील, संसर्ग किंवा रक्तस्राव नसेल आणि बाळाचे ठोके नीट असतील, तर पोटातला प्रत्येक दिवस बाळाच्या कामाचा असतो. या दिवसांत आईला अँटिबायोटिक देतात, आणि फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं: ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, एकूण चार. स्टिरॉइडचा हा उपयोग न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवून दिला. पुरा गुण यायला मात्र सुमारे २४ तास लागतात. घरी दवडलेली सकाळ या २४ तासांतून वजा होते. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार, २४ ते ३४ आठवड्यांत प्रसूती लवकर होण्याची चिन्हं असतील, तर उपकेंद्रातली नर्ससुद्धा पहिला डोस टोचून पुढे पाठवू शकते. तिला जरूर विचारा.

तेव्हा ओलं लागताच स्वच्छ पॅड घ्या, वेळ आणि रंग लक्षात ठेवा, आशाताईंना कळवा, रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. आत हात घालून कुणालाही तपासू देऊ नका. पाणी हिरवट असेल, वास येत असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल, तर फोनवरच सांगा. नाळ बाहेर दिसली, तर गाडी येईपर्यंत बाईला गुडघ्या-कोपरांवर ओणवं ठेवा. आणि पाणी मध्येच थांबलं तरी निघाच. बाळाचं डोकं खाली टेकल्यानेही ते काही वेळ अडतं.