एकच मोठ्ठा खिमा पॅटिस: रविवारचं मटण हलकं कसं करायचं?

हेडफोन नीट बसवा, कारण आज ऐकता ऐकता भूक लागणार आहे आणि तुम्ही बहुतेक कोपर आणि दिव्याच्या मध्ये कुठेतरी दाराशी लटकत असाल. ज्यांना गर्दीत ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड इथे लिहून काढलाय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त "अं…" आणि "म्हणजे बघ ना" तेवढे कमी केलेत.

विषय मटण आणि बटाटा. पण आधी बाबांची गोष्ट.

आमचे बाबा डोंबिवलीचे. तीस वर्षं फोर्टला लोकलने अप-डाऊन, आणि रविवारी मटण. मागच्या वर्षी त्यांना स्टेंट टाकावा लागला. आईने दुसऱ्याच दिवशी घरात मटण बंद केलं. बाबांनी चकार शब्द काढला नाही. खरं तर तिथेच आम्हाला संशय यायला हवा होता. तीन महिन्यांनी कळलं, की साहेबांचा संध्याकाळचा वॉक स्टेशनजवळच्या एका हॉटेलात संपतो, आणि तिथे खिमा-पाव असतो. वर तरंगणाऱ्या लाल तेलासकट.

म्हणजे घरातलं मटण बंद करून आम्ही काय साधलं? त्यांना जास्त वाईट मटणाकडे पाठवलं.

पुढच्या तपासणीला आईने हे सगळं डॉक्टरांसमोर ओतलं. ते हसले आणि म्हणाले की चरबी, तळण आणि मीठ आवरा; घरी केलेलं, कमी तेलातलं, मोजकं मटण अधूनमधून चालेल. हे आमच्या बाबांपुरतं हं. तुमच्या घरी कुणाला असं काही असेल, तर तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. मी पॉडकास्टवाला माणूस.

आता प्रश्न आला, करायचं काय? बाबांची फर्माईश एकच: खिमा पॅटिस. आमची आजी ठाण्याची, सीकेपी. या घरांमध्ये खिमा पॅटिस म्हणजे काय चीज आहे ते ठाणेकरांना सांगायला नको. उकडलेल्या बटाट्याची पारी, आत हिरव्या वाटणातला कोरडा खिमा, रव्यात घोळवून तव्यावर खरपूस. आजी ताटात दोन वाढायची आणि आपण पाच खायचो.

मी नेटवर हलकं मटण-बटाटा शोधायला लागलो, तर सगळीकडे शेफर्ड्स पाय. इंग्रजांचा पदार्थ: खाली खिमा, वर कुस्करलेला बटाटा, आणि ओव्हनमध्ये भाजायचं. मूळ कल्पना एकदम मध्यमवर्गीय आहे. रविवारचं भाजलेलं मांस उरलं, की ते बारीक करून बटाट्याखाली झाकायचं आणि पुढच्या दिवशी खपवायचं. हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला छापील पाककृतींत दिसायला लागतं. साधारण त्याच सुमाराला, १८५४ मध्ये, आपल्या कल्याणला रेल्वे पोहोचली. (याचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण मला सांगायचं होतं.)

ते फोटो बघताना ट्यूब पेटली. अरे, हा तर न वळलेला खिमा पॅटिस आहे! तोच बटाटा, तोच खिमा. फक्त इंग्रजांनी बारा छोटे करायच्या ऐवजी एकच मोठा केलाय. आणि हलकं करायची खरी किल्ली इथेच आहे.

हिशोब बघा. मोजमापाचा एक टेबलस्पून तेल म्हणजे साधारण १४ ग्रॅम, म्हणजे १२० कॅलरी. बारा पॅटिस तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस करायला आईच्या हातून सहा-सात टेबलस्पून तेल सहज जातं. झाल्या सात-आठशे कॅलरी, आणि त्या नुसत्या बाहेरच्या पापुद्र्यात. तेल पितो तो पृष्ठभाग. बारा छोट्या गोळ्यांचा मिळून पृष्ठभाग एका मोठ्या गोळ्यापेक्षा खूप जास्त होतो. शाळेत भूमितीत शिकलेलं एकदाचं कामी आलं. एकच मोठा केला, तर दोन छोटे चमचे तुपात काम भागतं.

दुसरी गोष्ट, परदेशी रेसिपी जशीच्या तशी उचलू नका. त्यात पहिलंच वाक्य असतं, "खिमा परता आणि सुटलेली चरबी ओतून टाका." त्यांचा खिमा मेंढीचा असतो, चांगलाच चरबीचा. आपल्याकडे मटण म्हणजे बहुतेक वेळा बोकड, आणि बोकडाचं निवळ मांस मुळात कोरडं असतं: कच्च्या १०० ग्रॅममागे चरबी दोन-तीन ग्रॅमच. म्हणजे दोष मटणाचा कमी आणि आपण त्याच्याभोवती जे करतो त्याचा जास्त. फोडणीचं तेल, खोबऱ्याचं वाटण, वरचं तळण.

पण एक मोठा "पण" आहे. दुकानात नुसतं "अर्धा किलो खिमा द्या" म्हणालात, तर त्यात चरबी, पडदे, सगळं जातं. तयार खिमा घेऊ नका. मटणवाल्याला सांगा, "भाऊ, रानाचं द्या, चरबी काढा आणि मग माझ्यासमोर खिमा करा." रविवारी सकाळी नऊ वाजता रांगेत हे सांगायला थोडी हिंमत लागते. मागचे काका सुस्कारे टाकतात. टाकू देत.

चला, साहित्य. सहा जणांसाठी खिमा ३५० ग्रॅम. अर्धा किलो नाही. उरलेली जागा भरायला अर्धी वाटी अख्खे मसूर, भिजवून, बोटचेपे शिजवलेले. नाक मुरडू नका, पारशी घरांत मसूर आणि मटण एकत्र शिजवण्याची जुनी रीत आहे. खिम्यात मसूर असा लपतो, की बाबांना तिसऱ्या वेळेपर्यंत कळलं नव्हतं. मात्र इथे एक प्रामाणिक कबुली: मसुराने कॅलरी कमी होत नाहीत. निवळ खिम्याच्या जागी घातला तर थोड्या वाढतातच. तो घालायचा फायबरसाठी, म्हणजे पोट लवकर भरतं आणि माणूस दुसऱ्या तुकड्यावर थांबतो. इन्स्टावर कुणी "डाळ घाला, कॅलरी निम्म्या" म्हणत असेल, तर पुढे स्क्रोल करा.

वाटण: आलं, भरपूर लसूण, मिरच्या, कोथिंबिरीची अख्खी जुडी. खोबरं अजिबात नाही. पण मग चव? दोन कांदे सालासकट थेट गॅसच्या आचेवर काळे होईपर्यंत भाजा, साल काढा, बारीक चिरा. तेलात लाल केलेल्या कांद्याचा खमंगपणा बिनतेलाचा मिळतो. एक टेबलस्पून तेलात वाटण परता, मग कांदा, हळद, तिखट, गरम मसाला, खिमा. कुकरला दोन-तीन शिट्ट्या, मग मसूर घालून पाणी पूर्ण आटवा. शेवटी लिंबू, आणि जरा सढळ हाताने. आंबटपणा असला की मीठ कमी असल्याचं जिभेला पटकन कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणते, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक छोटा चमचा. इथे खिम्यातही मीठ आणि बटाट्यातही, म्हणून दोन्हीकडे हात आखडता.

आता वरचा थर. बटाटे ४०० ग्रॅम आणि फ्लॉवर २५० ग्रॅम. बटाट्यात १०० ग्रॅमला साधारण ८० कॅलरी, फ्लॉवरमध्ये २५. इंग्रजी पद्धतीत इथे लोणी आणि चीज पडतं, ते दोन्ही रद्द.

आणि इथेच माझी पहिल्या वेळी पुरती फजिती झाली. मी फ्लॉवर पाण्यात उकडला, मिक्सरला फिरवला आणि बटाट्यात ढकलला. जे तयार झालं ते चमच्याने खावं लागलं. आई म्हणाली, "पिठलं छान झालंय." फ्लॉवरमध्ये पाणी प्रचंड असतं. तो उकडायचा नाही, वाफवायचा. मग कुस्करून कोरड्या कढईत चार-पाच मिनिटं परतायचा, वाफ यायची थांबेपर्यंत. बटाटेसुद्धा सालासकट उकडा, नाहीतर पाणी पितात. दोन्ही एकत्र करून गोळा वळता आला पाहिजे. नाहीच आला, तर दोन चमचे भाजलेल्या पोह्यांची पूड घाला.

ओव्हन असेल तर सोपं आहे: २०० डिग्रीवर वीस-पंचवीस मिनिटं. आमच्या वन बीएचकेच्या ओट्यावर मिक्सर ठेवला की पोळपाट बसत नाही, ओव्हन कुठून येणार? म्हणून आमचा जुगाड उलटा. नॉनस्टिक पॅनला एक छोटा चमचा तूप, त्यावर चिमूटभर रवा. बटाट्याचा अर्धा गोळा थालीपीठासारखा थापायचा, कडा थोड्या वर चढवायच्या. त्यावर खिमा. त्यावर उरलेला बटाटा ताटलीवर थापून अलगद सरकवायचा, कडा दाबून बंद. झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं. मग पॅनवर ताट, श्वास रोखायचा आणि उलटायचं. पुन्हा एक चमचा तूप, रवा, दुसरी बाजू. घाई केली की फुटतो. कडा पॅनपासून आपोआप सुटल्याशिवाय हात लावू नका.

सहा तुकडे करा. माझ्या हिशोबाने एका तुकड्यात सव्वादोनशे कॅलरीच्या आसपास. सोबत काकडी-कांद्याची कोशिंबीर घ्या आणि पाव आणूच नका, बटाटा आहे की ताटात.

बाबांचा निकाल? पहिल्या घासाला म्हणाले, "मीठ कमी आहे." दुसऱ्याला म्हणाले, "आजीचा असा नव्हता." मग गप्प बसून तुकडा संपवला आणि ताटलीकडे बघत बसले. वॉक अजून चालू आहे, पण हल्ली ते आईला सोबत नेतात.

एक तुकडा उरला होता. सोमवारी आमच्याकडे मटण चालत नाही, त्यामुळे तो रविवारी रात्रीच डब्यात भरून फ्रीजमध्ये गेला आणि मंगळवारी सकाळी तव्यावर गरम होऊन माझ्याबरोबर ऑफिसला निघाला. लोकलमध्ये डबा उघडू नका मात्र, ठाण्यापर्यंत सगळा डबा तुमच्याकडेच बघत राहतो.