घोडं फुगतंय? उपास नको, जाळीतून गवत घाला



काही घोडी-तट्टं नुसत्या वाळल्या गवतावरही अंग धरतात. आपली भीमथडी तट्टंच घ्या ना. धनगरांच्या वाड्याबरोबर ओझं वाहत रानोमाळ चालायचं आणि मिळेल ते खायचं, ही त्यांची घडण. असं तट्टू लगीनसराई उरकल्यावर खुंट्याला बांधलं आणि खुराक तोच ठेवला, की चरबी चढते. मालकाला वाटतं, जनावर तजेलदार झालं. पण अति चरबीच्या घोड्याला खुराच्या आतली सूज, म्हणजे लॅमिनायटिस, होण्याचा धोका मोठा. त्यानं घोडं जन्माचं लंगडं होऊ शकतं.

ओळखायचं कसं? बरगड्यांवरून हात फिरवा. न दाबता बरगड्या हाताला लागल्या, तर ठीक. दाबूनही लागत नसतील, मानेचा वरचा काठ टणक झाला असेल, तर वजन जास्त आहे.

मग उपाशी ठेवायचं का? मुळीच नाही. घोड्याच्या पोटात आम्ल सारखं पाझरत असतं. पोट रिकामं राहिलं की जठराला व्रण पडतात. लठ्ठ तट्टू एकदम उपाशी पडलं, तर अंगातली चरबी रक्तात उतरून जिवावरही बेततं. म्हणून गवत मोजून द्या, पण ते दिवसभर पुरेल असं द्या.

वजनाचा अंदाज असा काढा: तंग आवळतो तिथला छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १४५ आणि लांबी १३५ असेल, तर वजन सुमारे २३९ किलो. अशा तट्टाला रोज ४ किलो वाळलेलं गवत काट्यावर तोलून द्या. त्याहून कमी नको.

हे गवत दोरीच्या जाळीत भरा. मेंढ्यांच्या वाघरीसारखीच जाळी विणा, पण भोकं लहान ठेवा. आधी तीन बोटं मावतील एवढी, आठ-दहा दिवसांनी दोन बोटांची. घोडं काडी-काडी ओढून खातं, तेवढंच गवत कितीतरी जास्त वेळ पुरतं. दिवसाचे तीन-चार वाटे करा, मोठा वाटा रात्री. जाळी रिकामी होऊन लोंबली, तरी पाय अडकणार नाही एवढी उंच बांधा. नाल मारलेल्या घोड्याला तर जास्तच जपा. गाठ ओढताच सुटणारी हवी.

तोबऱ्यातला हरभरा, गूळ, उसाचे वाढे आणि लसूणघास बंद करा. हा बदल दोन आठवड्यांत हळूहळू करा. मीठ, खनिज मिश्रण आणि स्वच्छ पाणी कायम ठेवा. पाय दुखत नसतील, तर रोज चालवा. दर पंधरवड्याला पुन्हा मोजमाप घ्या.

गाभण किंवा दूध पाजणाऱ्या घोडीचा चारा डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका. आणि खूर गरम लागले, घोडं पुढचे पाय पुढं ताणून उभं राहिलं, वळताना अडखळलं, तर त्याला चालवू नका. मऊ जागेवर उभं करा, खुरांवर गार पाणी सोडा आणि पशुवैद्यकाला ताबडतोब बोलवा. इथं एक दिवसाची दिरंगाईसुद्धा महागात पडते.