वाघाच्या मावशीचं यकृत

‘मांजरीचं अंग तापलंय, पॅरासिटामॉलची पाव गोळी दिली तर चालेल का?’ असं पुण्यातल्या एका वाचकांनी विचारलं आहे. नाही चालणार. पाव नको, चिमूटभरही नको.

माणसाला एक गोळी, तर चार किलोच्या मांजरीला किती, हे त्रैराशिक इथे लागूच पडत नाही. आपलं यकृत पॅरासिटामॉलच्या रेणूला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडतं. तेलकट भांड्याला साबण लावला की तेल पाण्याबरोबर निघतं, तसा तो रेणू मग लघवीवाटे बाहेर पडतो. मांजरीत हे जोडकाम करणाऱ्या विकराचं जनुकच मोडकं आहे, हे मायकेल कोर्ट आणि डेव्हिड ग्रीनब्लॅट या संशोधकांनी 2000 साली दाखवलं.

कोर्ट यांच्या गटाने 2011 मध्ये इतर मांसाहारी प्राणी तपासले, आणि मला सगळ्यात आवडतो तो हा भाग. मार्जारकुळातल्या तपासलेल्या 18 जातींत ते जनुक निकामी निघालं. म्हणजे बिघाड या कुळाच्या पूर्वजातच, एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वी झालेला. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातला वाघ आणि शनिवार पेठेतल्या कौलांवरची मांजर, दोघांकडे तोच वारसा! तपकिरी तरस आणि हत्ती सील यांच्यातही हे जनुक स्वतंत्रपणे मोडलेलं सापडलं. हे सगळे मुख्यतः मांसावर जगणारे. वनस्पतींमधली विषं पोटात जातच नसतील, तर ती निपटणारं जनुक बिघडलं तरी काही अडत नाही, असा कोर्ट यांचा तर्क आहे. मला तो पटतो.

मांजरीच्या शरीरात न निपटलेल्या औषधापासून घातक पदार्थ बनतो आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतो. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. कुत्र्याकडे हे विकर शाबूत आहे, पण म्हणून त्याला आपल्या डब्यातली आयब्युप्रोफेन देऊ नका. जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात. कुत्र्याच्या गोचिडांवरचं पर्मेथ्रिनचं औषध मांजरीच्या मानेवर टाकणं तर जीवघेणं.

डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळीसुद्धा कशी देता, याला महत्त्व आहे. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचं उदाहरण घ्या.

हीच गोळी मांजरीला कोरडी भरवली की बऱ्याचदा पाच मिनिटांनंतरही अन्ननलिकेतच असते, तिथे जखम करू शकते आणि मग नलिका आकसू शकते. म्हणून गोळी जिभेच्या मुळाशी ठेवा, तोंड मिटा आणि सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने पाच-सहा मिलीलिटर पाणी हळूहळू सोडा. डोकं मागे ओढून ओतू नका, पाणी फुप्फुसात जातं.

आणि पॅरासिटामॉल आधीच दिलं असेल, तर लक्षणांची वाट न पाहता तातडीने पशुवैद्यकाकडे जा. अ‍ॅसिटाइलसिस्टीन हा उतारा आहे, माणसांनाही तोच देतात. पण पहिल्या काही तासांत त्याचा उपयोग सर्वांत जास्त. गोळीचं पाकीट सोबत न्या आणि किती दिली, केव्हा दिली, हे स्पष्ट सांगा.