दुकान जेव्हा लिहू लागतं

आज आपण ऑनलाइन दुकानं जे लेख लिहितात, त्यांच्याविषयी बोलणार आहोत. सुरुवात मात्र शेतातून करू या.

मागच्या खरिपातली गोष्ट. गोदाकाठच्या आमच्या काळ्या जमिनीत सोयाबीन पंचवीसेक दिवसांचं झालं होतं. आठ दिवस झड लागली, रानात पाणी साचलं आणि पीक पिवळं पडलं. आमचा पुतण्या शेती बघतो. त्याने मोबाईलवर विचारलं, सोयाबीन पिवळं का पडतं? लगेच एक लेख समोर आला. ‘काका, बघा, इथं सगळं बैजवार लिहिलंय,’ म्हणाला. आम्हीही चष्मा लावून वाचला.

लेख चांगला होता, हे आधी सांगितलं पाहिजे. भाषा सोपी, छायाचित्रं स्वच्छ. पिवळेपणाची तीन कारणं दिली होती: नत्राची कमतरता, लोहाची कमतरता आणि पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पिवळा मोझॅक. प्रत्येक कारणाखाली उपाय, उपायाखाली एक बाटली, बाटलीखाली किंमत आणि मागवण्याचं बटण. आपल्या रानात तिन्हींपैकी काय झालंय, हे काही ठरेना. मग आम्ही काय केलं? तिन्ही बाटल्या मागवल्या. १,८४० रुपये.

पार्सल यायला सहा दिवस लागणार होते. मधल्या काळात दोन रोपं घेऊन कृषी विद्यापीठातल्या एका जाणकाराकडे गेलो. त्यांनी पानं उजेडाकडे धरून पाहिली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. म्हणाले, ‘जमिनीत लोह आहे, पण चुनखडीची जमीन आणि वर पाणी साचलेलं, मुळांना ते उचलता येत नाही. आधी चर काढून पाणी बाहेर काढा. वाफसा आला की कोळपणी करा. त्यानंतरही गरज वाटली, तर फवारणीचं बघू.’ पाणी काढलं, उघाड पडली, आणि पार्सल दारात आलं तोवर नवी पानं हिरवी निघत होती.

आता आमच्या विषयाचा प्रश्न असा: त्या लेखात खोटं काय होतं? आम्ही तो पुन्हा दोनदा वाचला. खोटं काहीच नव्हतं. तिन्ही कारणं खरी आहेत, पाठ्यपुस्तकात आहेत. फक्त चौथी गोष्ट तिथं नव्हती, चर काढा आणि थांबा. ती का नव्हती, हे सांगायला संशोधन लागत नाही. चर दुकानात विकत मिळत नाही.

ही रीत नवी नाही

दुकानाने किंवा कारखान्याने गिऱ्हाइकासाठी लिहावं, ही कल्पना इंटरनेटने आणलेली नाही. अमेरिकेत जॉन डिअर या नांगर करणाऱ्या कंपनीने १८९५ साली ‘द फरो’ नावाचं नियतकालिक काढलं. फरो म्हणजे नांगराचा तास. शेतकऱ्याला शेतीची माहिती द्यायची, आणि ती देता देता आपलं नाव त्याच्या घरात ठेवायचं.

आपल्याकडेही गोष्ट नांगरापासूनच सुरू होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर तयार होता, घेणारा शेतकरी मात्र बिचकत होता. लोखंडाने जमीन नासते, असा समज तेव्हा होता, असं सांगतात. म्हणजे नुसता नांगर घडवून भागणार नव्हतं. त्याविषयी बोलावंही लागणार होतं. १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याच्या मालाची, कामगारांची, एजंटांची खबर देणारं ते पत्र होतं. आजच्या भाषेत म्हणायचं तर कंपनीचा ब्लॉग.

पुढे काय झालं, ते आपल्याला ठाऊक आहे. त्या पत्रात कथा आल्या, आरोग्य आलं, उद्योगाच्या गोष्टी आल्या, रूढींवर टीका आली. नावातली ‘खबर’ गळाली आणि ‘किर्लोस्कर’ हे महाराष्ट्राचं मासिक झालं. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही त्याची भावंडं निघाली. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी घरांत ही मासिकं वाचली जात, आणि त्या घरांनी कधी नांगर विकत घेतला नव्हता. जे मासिक नांगर खपवायला निघालं, त्याची किंमत नांगराशी संबंध नसलेल्या मजकुरामुळे वाढली. हे लक्षात ठेवा, आपण याकडे परत येणार आहोत.

आता शंभर वर्षांनंतरची मुंबई पाहा. २०१२ मध्ये फाल्गुनी नायर यांनी नायका सुरू केलं. सौंदर्यप्रसाधनं ऑनलाइन विकायची तर मोठी अडचण अशी, की रंग हातावर लावून पाहता येत नाही. ती उणीव लेखांनी आणि व्हिडिओंनी भरून काढायची, असं धोरण त्यांनी ठेवलं. कोणत्या त्वचेला काय चालतं, काजळ पसरू नये म्हणून काय करावं, हे आधी शिकवायचं, खरेदी मागाहून.

मुंबईच्याच मायग्लॅमने उलट्या बाजूने सुरुवात केली. लेख लिहून वाचक जमवण्यापेक्षा, ज्यांच्याकडे वाचक आधीच आहेत ती संकेतस्थळंच विकत घ्यायची. २०२० मध्ये तरुणींचं पॉपएक्सो घेतलं, २०२१ मध्ये आयांसाठीचं बेबीचक्रा आणि तरुणांचं स्कूपव्हूप. या समूहाला पुढे गुड ग्लॅम असं नाव मिळालं. सूत्र सरळ होतं: वाचणारी मंडळी आहेतच, त्यांना गिऱ्हाईक करायचं. २०२५ मध्ये तो समूह मोडला. मोडण्याची कारणं अनेक असतात आणि हिशेबवह्या आम्ही पाहिलेल्या नाहीत, म्हणून त्यावरून निष्कर्ष काढत नाही. दोन दिशा तेवढ्या समजून घेऊ. किर्लोस्करवाडीत गिऱ्हाइकाचा हळूहळू वाचक झाला. इथं वाचकाचं गिऱ्हाईक करायचं होतं.

हे काम चालतं कसं

दुकानाचा लेख लिहायला बसणारा माणूस मालापासून सुरुवात करत नाही. तो आपल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. लोक मोबाईलवर काय विचारतात, कोणत्या शब्दांत विचारतात, कोणत्या महिन्यात विचारतात, हे दुकानाला कळतं. जूनमध्ये बियाणं, जुलैत पिवळेपणा, ऑगस्टमध्ये अळी. लग्नसराईत साड्या, शाळा उघडताना दप्तरं. प्रश्न ज्या शब्दांत आला, तेच शब्द मथळ्यात ठेवायचे. मग शोधणाऱ्याला तो लेख आधी सापडतो.

दुसरी पायरी उत्तराची. उत्तर उपयोगी असावंच लागतं. निरुपयोगी लेखावर कोणी थांबत नाही, आणि न थांबलेला माणूस काही घेत नाही. त्यामुळे हे लेख फसवे असतात असं समजणं भाबडेपणाचं होईल. त्यांतले बरेच चांगले असतात. पण उत्तराची मांडणी अशी केलेली असते, की प्रत्येक वाट टोपलीशी जाऊन मिळते.

तिसरी पायरी ओळखीची. लेखाच्या शेवटी मोबाईल नंबर मागतात. नंबर दिला की पुढचा सल्ला व्हॉट्सॲपवर येतो, सणाला शुभेच्छा येतात, ‘मागच्या वेळी आपण हे घेतलं होतं’ अशी आठवण येते. गल्लीतला किराणा दुकानदार ‘काय सर, यंदा तूरडाळ नेली नाही’ म्हणतो, त्याचीच ही आवृत्ती. फरक एवढा, की किराणावाल्याला आपण ओळखतो. इथं ओळख एकाच बाजूची आहे.

चौथी पायरी मोजमापाची. लेख किती जणांनी उघडला, कुठपर्यंत वाचला, कोणत्या ओळीनंतर बटण दाबलं, सगळं मोजलं जातं. ज्या लेखामुळे विक्री होते, तसे आणखी लिहिले जातात. ज्यामुळे होत नाही, तसे हळूहळू बंद होतात. हे नीट ध्यानात घ्या. कोणी दुष्ट माणूस बसून ‘चर काढायचं सांगू नका’ असा हुकूम देत नाही. न विकणारं ज्ञान मोजमापात नापास होतं आणि आपोआप गळून पडतं.

आप्त कोणाला म्हणावं

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून इथं न्यायदर्शनाकडे वळतो. गौतमाच्या न्यायात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारं ज्ञान. पण कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे. सांगणारा आप्त असावा लागतो. आप्त म्हणजे इथं नातेवाईक नव्हे बरं का! भाष्यकार वात्स्यायनाने दिलेला अर्थ साध्या मराठीत असा: ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि त्याने हेही म्हटलं, की हे लक्षण ऋषीला लागू पडतं, तसंच म्लेच्छालाही. जात, पद, वेश यांचा संबंध नाही.

म्हणजे अटी दोन झाल्या. जाणणं आणि जसंच्या तसं सांगण्याची इच्छा. दुकान पहिल्या अटीत बहुधा उत्तीर्ण होतं. माल त्याचा आहे, तज्ज्ञ त्याने नेमलेले आहेत. दुसऱ्या अटीत ते अर्धंच उत्तीर्ण होतं. जे सांगतं ते खरं सांगतं. जेवढं आहे तेवढं सांगत नाही.

आमच्याकडचं एक उदाहरण घेऊ. सोयाबीनचे वाण सरळ असतात, परागीभवन फुलातल्या फुलात होतं. त्यामुळे घरचं चांगलं राखलेलं बियाणं दोन-तीन वर्षं पेरता येतं. उगवण घरीच तपासता येते. गोणपाटाच्या ओल्या तुकड्यावर १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल टिकवा, सहा-सात दिवसांनी कोंब मोजा. सत्तर निघाले तर हेक्टरी ७५ किलोच्या नेहमीच्या मापाने पेरा. कमी निघाले तर त्या प्रमाणात बी वाढवा. दाण्याचं कवच नाजूक असतं, म्हणून पोती आपटू नका. ही माहिती दरवर्षी कोण सांगतं? कृषी विभाग आणि परभणीचं आपलं विद्यापीठ. १९७२ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ स्वतः एमएयूएस ७१, १६२, ६१२ असे सोयाबीनचे वाण काढतं, बियाणं विकतंसुद्धा, आणि तरीही घरचं वापरा म्हणतं. अशा ठिकाणी आप्तपण दिसतं. स्वतःची विक्री कमी करणारी गोष्टही तो माणूस किंवा ती संस्था सांगते.

‘सर, मोंढ्यातला कृषी सेवा केंद्रवाला तरी कुठं आप्त आहे?’ असं कोणी विचारेल. बरोबर आहे. तोही एकाच्या जागी दोन पुड्या देतो. पण तो पुढच्या बाजारी पुन्हा भेटतो, त्याची उधारी आपल्याकडे असते, आणि पीक गेलं तर चारचौघांत जाब विचारता येतो. समोर भेटण्याचा हा धाक लेखाला नाही. तिथं धाक आहे तो इतर गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांचा आणि कायद्याचा.

कायदा कुठपर्यंत येतो

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. त्याखालच्या केंद्रीय प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी नियम काढले. एखादा लेखक किंवा व्हिडिओवाला पैसे, फुकट माल किंवा दुसरा लाभ घेऊन शिफारस करत असेल, तर ते नातं उघड सांगणं बंधनकारक आहे. दिशाभूल सिद्ध झाली तर पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठीही मानक आणलं, मात्र ते ऐच्छिक आहे.

या कायद्यातली एक सोय आपल्या लोकांना फारशी माहीत नसते. दुकान बंगळुरूचं असो की दिल्लीचं, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. परभणीकराने परभणीत करावी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. पावती आणि त्या लेखाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, कारण लेख उद्या बदलू शकतो.

पण आमच्या तीन बाटल्यांसाठी यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. लेख दुकानाच्याच पाटीखाली होता, नातं उघड होतं, खोटं काही नव्हतं. गाळलेल्या सत्याला कायदा सहसा पकडू शकत नाही. तिथं वाचकालाच जागं राहावं लागतं.

म्हणून दुकानाचा लेख वाचू नका, असं आम्ही म्हणणार नाही. वाचा, त्यात शिकण्यासारखं पुष्कळ असतं. वाचून झालं की एक प्रश्न विचारा: काहीही विकत न घेण्याचा उपाय या लेखात कुठे आला आहे का? आला असेल, तर लिहिणाऱ्याला मान द्या. तो किर्लोस्करवाडीच्या वाटेवर आहे. नसेल, तर खरेदीआधी अशा एका माणसाला विचारा, ज्याला आपल्याला काहीच विकायचं नाही.

त्या बाटल्यांपैकी दोन अजून आमच्या कोनाड्यात आहेत, सीलबंद. पुतण्याने यंदा पेरणीच्या आधीच रानाच्या उताराला चर काढून ठेवले आहेत.

इथं थांबू या.