ठरावापासून ओंजळीपर्यंत

महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह वर्गात बहुधा 20 मार्च 1927 या एकाच दिवसापुरता सांगितला जातो. परंतु सामाजिक न्याय, म्हणजे जन्मावरून लादलेली विषमता दूर करून प्रत्येकाला सार्वजनिक जीवनात समान वाटा देण्याचे तत्त्व, मुलांना खरोखर उमगायचे असेल, तर त्या दिवसाआधीची चार आणि नंतरची दहा वर्षेही फळ्यावर यावी लागतात.

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात म्हटले होते. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, तरी प्रत्यक्षात तळ्यावर जाण्याची अस्पृश्यांना सोय नव्हती. कागदावरचा हक्क आणि वापरातला हक्क यांतील हे अंतर संघटितपणे, उघडपणे आणि शांततेने मिटवण्याच्या प्रयत्नालाच नागरी कृती म्हणतात.

बोले ठरावात पाणवठ्याशेजारी शाळेचेही नाव यावे, हे महाडच्या संदर्भात फार अर्थपूर्ण आहे. तालुक्यातील लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे यांना शिष्यवृत्ती मिळूनही महाडच्या इंग्रजी शाळेत अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारण्यात आला. त्या लहान वयात त्यांनी वृत्तपत्राकडे तक्रार धाडली, ती छापून आली आणि शाळेला त्यांना घ्यावे लागले, मात्र बसण्याची जागा इतर मुलांपासून वेगळी राहिली. महाडची परिषद घडवून आणण्यात पुढे याच मोऱ्यांचा पुढाकार होता. नागरिकशास्त्राच्या तासाला याहून जवळचे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी जमलेले लोक 20 मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर वीरेश्वर मंदिरात शिरण्याचा त्यांचा बेत असल्याची अफवा उठवून त्यांच्यावर हल्ला झाला आणि तळ्याचे शुद्धीकरणही करण्यात आले. बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होत असताना, 4 ऑगस्ट 1927 रोजी, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम, म्हणजे निकाल लागेपर्यंत विशिष्ट कृती करण्यास बंदी घालणारा आदेश, मिळवला; 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण या हुकुमामुळे तळ्यातून पाणी घेणे बाबासाहेबांनी स्थगित ठेवले. हक्कासाठी झगडणाऱ्याने विरोधात गेलेल्या आदेशाचाही मान राखून वर्षानुवर्षे खटला लढवावा, हा संयम मुलांना समजावण्यास ओंजळीने पाणी पिण्याच्या चित्रापेक्षा कठीण आहे, आणि म्हणूनच त्यावर अधिक वेळ द्यायला हवा.

मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी अंतिम निकाल दिला. तळ्यापासून अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आणि कायद्याने मान्य होऊ शकणारी प्रथा, अनादी काळापासून असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, या मुद्द्यावर ते हरले. निकाल हितकारक होता, तरी त्याचा आधार समतेचे तत्त्व नव्हता, तर पुराव्याची उणीव होती; पुरावा भक्कम असता तर काय झाले असते, हा प्रश्न आठवी-नववीच्या मुलांसमोर जरूर ठेवावा. त्याचे उत्तर संविधानात आहे: अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली, तर अनुच्छेद 15 ने विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून आडकाठी करण्यास मनाई केली, आणि वहिवाटीच्या जुनेपणाला तेथे जागाच उरली नाही.

पावसाळ्यात सावित्री नदीला पूर येतो आणि उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांवर पाणी आटते, अशा महाड-पोलादपूरच्या मुलांना पाण्याचे मोल निराळे शिकवावे लागत नाही. आपल्या गावची विहीर कोणत्या निधीतून बांधली, तिची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात कशी आहे, टंचाईच्या दिवसांत टँकर कोणत्या वाडीत आधी थांबतो आणि कोणत्या वाडीतल्या बायकांना हंडा घेऊन सर्वांत लांब चालावे लागते, याची पाहणी त्यांनी करावी, आणि जे आढळेल ते अर्ज लिहून सरपंचांपुढे ठेवावे.