६ ÷ २(१ + २) चं उत्तर १ की ९? कॅल्क्युलेटरचंही यावर एकमत नाही

फेसबुकवर, एक्सवर किंवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक गणित हमखास येतं. सोबत ‘९० टक्के लोक इथे चुकतात’ असा टोमणा असतो. गणित इतकंच असतं:

६ ÷ २(१ + २) = ?

काही जण ९ लिहितात, काही जण १. त्यानंतर ‘शाळेत मागच्या बाकावर बसायचात वाटतं’ अशा कमेंट्स सुरू होतात. कुणी कॅल्क्युलेटरचा फोटो टाकतं, त्यावर ९ दिसतात. पाठोपाठ दुसरा फोटो येतो, त्यावर १. दोन्ही फोटो खरे असतात, आणि खरी गंमत इथूनच सुरू होते.

जुलै २०१९ च्या शेवटी याच गणिताचं भावंड, ८ ÷ २(२ + २), ट्विटरवर असंच गाजलं होतं. तिथे भांडण १६ की १ असं होतं. कॉर्नेल विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर लेख लिहिला आणि शाळेतल्या नियमाने उत्तर १६ येतं, असं सांगितलं. वाचकांच्या इतक्या प्रतिक्रिया आल्या की काही दिवसांत त्यांना दुसरा लेख लिहावा लागला. गणिताच्या प्राध्यापकाने उत्तर देऊनही वाद मिटला नाही, तेव्हा प्रश्न फक्त ‘कुणाला गणित येतं’ एवढाच नसणार.

वाद नेमका कुठे आहे?

कंस आधी सोडवायचा, याबाबत दोन्ही बाजूंचं एकमत आहे. १ + २ म्हणजे ३. आता उरलं ६ ÷ २(३).

९ वाले म्हणतात, २(३) म्हणजे २ × ३. भागाकार आणि गुणाकार एकाच पायरीवर असतात, त्यामुळे डावीकडून उजवीकडे जायचं. ६ ÷ २ झाले ३, आणि ३ × ३ झाले ९.

१ वाले म्हणतात, २ कंसाला चिकटून आहे, म्हणून २(३) हा एकच गठ्ठा आहे. आधी त्याचे ६ करायचे, मग ६ ÷ ६ म्हणजे १.

‘कंस अजून सुटलेला नाही, म्हणून २(३) आधी’ असाही एक युक्तिवाद कमेंट्समध्ये दिसतो. तो मात्र टिकत नाही. कंसाचा नियम कंसाच्या आतल्या क्रियांपुरता असतो. आत एकटा ३ उरला की कंसाचं काम संपलं. बाहेरचा २ त्याला कितपत घट्ट चिकटलाय, हा वेगळा प्रश्न आहे आणि सगळं भांडण त्या एकाच प्रश्नावर आहे.

कंचेभागुबेव काय म्हणतं?

मराठी शाळेत शिकलेल्यांना हे अक्षरगाठोडं झोपेतही आठवेल: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. इंग्रजी माध्यमात ‘बॉडमास’, अमेरिकेत ‘पेमडास’. बॉडमासमध्ये भागाकार आधी येतो, पेमडासमध्ये गुणाकार. त्यामुळे भारतीय एक उत्तर काढतात आणि अमेरिकन दुसरं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात दोन्हीकडे नियम एकच आहे: भागाकार-गुणाकार समान दर्जाचे, जो डावीकडून आधी येईल तो आधी.

हे सूत्र शब्दशः घेतलं तर फसायला होतं, पण लोक समजतात तिथे नाही. भागाकार कायम आधी केला तरी उत्तर बिघडत नाही. १२ ÷ २ × ३ मध्ये भागाकार आधी करून १८ येतात आणि डावीकडून गेलं तरी १८च. खड्डा पुढे ‘बेव’मध्ये आहे. १० − ४ + ३ मध्ये ‘बेरीज आधी’ म्हणून ४ + ३ केले तर उत्तर ३ येतं. बरोबर उत्तर ९ आहे. इथेही बेरीज-वजाबाकी समान दर्जाच्या असतात आणि डावीकडूनच जायचं असतं.

आणि तो मधला ‘चे’? त्याच्याकडे कुणी बघतच नाही. १८ ÷ ६ चे १/२ असं गणित असेल तर आधी ६ चे अर्धे ३, मग १८ ÷ ३ म्हणजे ६. पण त्याच जागी गुणिलेचं चिन्ह टाका. १८ ÷ ६ × १/२ चं उत्तर दीड येतं. ‘चे’ म्हणजे शेवटी गुणाकारच, तरीही त्याला भागाकाराच्या आधी जागा दिलेली आहे. म्हणजे काही गुणाकार इतर गुणाकारांपेक्षा घट्ट बांधलेले असू शकतात, ही कल्पना आपल्याच शाळेतल्या सूत्रात होती. २(३) हाही तसाच घट्ट गुणाकार मानायचा का, यावर ते सूत्र गप्प आहे.

न लिहिलेलं गुणिले

बीजगणितात मात्र सगळेच तसं मानतात. ६अब ÷ २अब किती, असं दहावीच्या मुलाला विचारलं तर तो क्षणात ३ सांगेल. त्याने २अब हा एक गठ्ठा धरला. ‘डावीकडून उजवीकडे’ काटेकोरपणे लावलं तर ६अब ला आधी फक्त २ ने भागून नंतर अ आणि ब ने पुन्हा गुणावं लागेल. तसं कुणीच करत नाही.

ही विसंगती शंभर वर्षांपूर्वीच कुणाच्या तरी डोळ्यांत खुपली होती. १९१७ मध्ये ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त एन. जे. लेनिस यांनी दाखवलं की पाठ्यपुस्तकं नियम एक सांगतात आणि वागतात दुसरंच. नऊ अ-वर्ग भागिले तीन अ, याचं उत्तर ती तीन अ असंच देतात. नियमाप्रमाणे यायला हवं तीन अ-घन. पुढे गणिताचे इतिहासकार फ्लोरियन कॅजोरी यांनीही १९२८ मध्ये नोंदवलं की ÷ आणि × एकाच पदात आले तर क्रम कोणता, यावर एकमत नाही.

भौतिकशास्त्रात तर ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकांच्या लेखनशैलीत तिरप्या रेघेच्या भागाकाराआधी गुणाकार करावा असा संकेत आहे. तिथे १/२क्ष लिहिलं की ‘एक भागिले दोन क्ष’ असंच वाचायचं. १ वाल्यांना अडाणी म्हणण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

चिन्हं म्हणजे आकाशातून पडलेला कायदा नाही. ÷ हे भागाकाराचं चिन्ह छापील पुस्तकात आलं १६५९ मध्ये, योहान राह्न यांच्या बीजगणितात. नॉर्वे-डेन्मार्कमध्ये तेच चिन्ह वजाबाकीसाठी वापरलं गेलंय. आपल्याकडच्या प्राचीन बख्शाली हस्तलिखितात तर ऋण संख्येपुढे चक्क + सारखी खूण आहे, आणि भागाकारासाठी ‘भा’, गुणाकारासाठी ‘गु’.

मशीनला विचारून बघू

कॅसिओच्या एफएक्स-८२ एमएस कॅल्क्युलेटरवर ६ ÷ २(१ + २) टाकलं तर १ येतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८३ प्लसवर ९. कंपन्यांच्या आतही एकवाक्यता नाही: टीआय-८२ हे मॉडेल १/२क्ष मधला २क्ष हा गठ्ठा मानायचं, त्याच कंपनीचं टीआय-८३ मानत नाही. यंत्र बिघडलेलं नसतं. ते बनवणाऱ्यांनी वेगवेगळे संकेत निवडलेले असतात.

किराणा दुकानातला साधा कॅल्क्युलेटर तर या भानगडीतच पडत नाही. त्यावर २ + ३ × ४ दाबा, २० येईल. मोबाइलवर १४ येतात. दुकानातलं यंत्र प्रत्येक बटणासरशी आधीचा हिशोब उरकत जातं. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये तर ‘स्टँडर्ड’ मोडला २० आणि ‘सायंटिफिक’ मोडला १४, एकाच ॲपमध्ये.

इथवर मजा आहे. पण एक्सेलमध्ये =-३^२ लिहिलं तर ९ येतात आणि पायथनमध्ये -३**२ लिहिलं तर उणे ९. गणितातला रूढ संकेतही उणे ९ चाच आहे. शीटमधलं सूत्र जसंच्या तसं कोडमध्ये उतरवणाऱ्याच्या हिशोबात चिन्ह उलटं होतं. त्यावर एररही येत नाही, आकडा गुपचूप चुकतो.

औषधाच्या ड्रिपचा वेग ‘मायक्रोग्रॅम/किलो/मिनिट’ असा लिहितात. डॉक्टर-नर्स तो सरावाने बरोबर वाचतात: दर किलोला, दर मिनिटाला इतके मायक्रोग्रॅम. तरीही एसआय एककांची अधिकृत पुस्तिका स्पष्ट सांगते की कंस न घालता एकाच पदात तिरपी रेघ दोनदा वापरायची नाही. ÷ हे चिन्ह भागाकारासाठी वापरू नये, असं आयएसओच्या ८००००-२ या मानकात म्हटलंय.

मग बरोबर उत्तर काय? शालेय नियम लावून एकच उत्तर द्यायचं ठरलं तर ९. पण ६ ÷ २(१ + २) असं लिहिणाऱ्याने प्रश्न अर्धाच विचारलाय, हे जास्त खरं आहे. (६ ÷ २)(१ + २) लिहिलं तर ९ वर कुणी वाद घालत नाही. ६ ÷ (२(१ + २)) लिहिलं तर १ वर नाही. आडवी रेघ मारून अपूर्णांकासारखं वर-खाली मांडलं तर कंसाचीही गरज नाही. पण मग ती पोस्ट व्हायरल होणार नाही, आणि ती टाकणाऱ्याला हे बरोबर माहीत असतं.

कॅसिओच्या एफएक्स-९९१ ईएक्स या कॅल्क्युलेटरने यातून आपला मार्ग काढलाय. त्यावर हे गणित टाकून बरोबरचं बटण दाबलं की तो स्वतःच एक जादा कंस घालून ६ ÷ (२(१ + २)) असं दाखवतो आणि मग १ म्हणतो. मी काय समजलो, ते आधी सांगून मोकळा. पायथनमध्ये हेच ६/२(१+२) असं टाइप केलं तर ना १ येतो ना ९. तो एरर देतो, कारण गुणिलेचं चिन्ह तुम्ही लिहिलेलंच नसतं.