पावलांतील हाड मोडतें तेव्हां

मनुष्याच्या शरीरांत २०६ हाडें आहेत आणि त्यांपैकीं ५२, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, केवळ दोन पावलांत आहेत, असें सांगितलें असतां पुष्कळ विद्यार्थ्यांस तें खरें वाटत नाहीं. आम्हांस ही गोष्ट पुस्तकांतून ठाऊक होती. परंतु तिचा अर्थ मात्र गेल्या पावसाळ्यांत, व्हरांड्याच्या ओल्या पायरीवर पाऊल आंत मुरडून आम्ही पडलों, तेव्हांच कळला. जें ज्ञान आम्हांस दुखणें सोसून मिळालें, तें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील माणसांस नुसत्या वाचनानें मिळावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

प्रत्येक पावलांत २६ हाडें असतात : टांचेकडील ७, चवड्याकडील लांब ५ आणि बोटांचीं १४. लांब हाडांपैकीं करंगळीच्या रेषेंत असलेलें हाड पांचवें होय. पावलाच्या बाहेरील कडेवरून बोट फिरविलें म्हणजे सुमारें मध्यावर एक उंचवटा हातास लागतो. तेंच या हाडाचें बूड. पायाच्या बाहेरील अंगानें उतरणारा एक स्नायुबंध तेथें जोडलेला असतो. पाऊल आंत मुरडलें कीं तो एकाएकीं ताणला जातो व कधीं कधीं हाडाचा तुकडाच ओढून काढतो. म्हणून जी केवळ लचक वाटते, ती प्रत्यक्षांत मोड असूं शकते.

थोरांचीही या बाबतींत फसगत होऊं शकते. लिव्हरपूल येथील प्रसिद्ध शस्त्रवैद्य रॉबर्ट जोन्स यांचें हेंच हाड नाचतांना मोडलें. वरून कांहीं आघात झाला नसतां, नुसतें पाऊल मुरडल्यानें हाड मोडेल, अशी त्या काळीं कल्पना नव्हती. परंतु १८९५ मध्यें रंटगेन यांनीं क्ष-किरण शोधून काढले होते. त्या किरणांनीं घेतलेल्या छायाचित्रांत मोड स्पष्ट दिसली, आणि १९०२ मध्यें जोन्स यांनीं स्वतःच्या व इतर रोग्यांच्या अनुभवावरून निबंध प्रसिद्ध केला. आजही या हाडाच्या एका विशिष्ट मोडीस त्यांचेंच नांव आहे.

आम्हीं मात्र छायाचित्राची वाट धरली नाहीं. आंबेहळदीचा लेप लावला, एका शेजाऱ्यांकडून पाय चोळून घेतला, आणि लंगडत कां होईना, तीन आठवडे शाळेंत जात राहिलों. “चालतां येतें, अर्थीं हाड शाबूत आहे,” असें आमचें तर्कशास्त्र! तें सपशेल चुकीचें होतें.

हाड कसें जुळतें, हें समजल्यावर आमची चूक ध्यानांत येईल. मोड होतांच त्या जागीं रक्त सांखळतें. पुढील दोनतीन आठवड्यांत तेथें मऊ, कूर्चेसारखा सांधा तयार होतो. मग त्यांत चुन्याचे क्षार भरून तो कठीण होऊं लागतो. यास साधारणपणें सहा ते आठ आठवडे लागतात. त्यानंतरही कित्येक महिने शरीर त्या ओबडधोबड सांध्यास तासून पूर्ववत् आकार देत असतें. म्हणजे हाड जोडणारें शरीरच. प्लास्टर केवळ मोड हलूं देत नाहीं. सुश्रुतसंहितेंतही झाडांच्या साली व बांबूच्या कामट्या बांधून मोडलेला अवयव स्थिर ठेवण्यास सांगितलें आहे. आम्हीं चोळून व चालून तो मऊ सांधा रोज हलविला.

शिवाय आमची मोड नेमकी जोन्स यांच्या नांवाच्या जागीं होती. उंचवट्याच्या पुढें, एका बोटाच्या अंतरावर, रक्ताचा पुरवठा अपुरा असतो. पाटाच्या अगदीं शेवटच्या शेतास पाणी कमी पोंचावें, तशी ही जागा. तेथील मोड उशिरां जुळते, कधीं जुळतच नाहीं, व मग स्क्रू बसवावा लागतो. आम्हांस स्क्रू लागला नाहीं. पण प्लास्टर व कुबड्या तीन महिने सुटल्या नाहींत. त्या काळांत आमची वह्यांची पिशवी उचलून नेणाऱ्या मुलांचे आम्ही ऋणी आहों.

या दुखण्याचा एक उपयोग मात्र झाला. त्याच वर्षीं आमच्या वर्गांतील एक मुलगा सामन्यांत पाऊल मुरडून पडला, आणि संघांतून नांव जाईल या भयानें वेदना लपवूं लागला. आम्हीं उंचवट्यावर बोट ठेवतांच तो कळवळला. त्याच सायंकाळीं वडिलांनीं त्यास डॉक्टरांकडे नेलें. मोड उंचवट्याचीच निघाली. ती लवकर जुळणारी. सहा आठवड्यांत तो चालूं लागला, व पुढें डॉक्टरांच्या अनुमतीनें खेळूंही लागला. वाढत्या वयाच्या मुलांत या जागीं वाढीची एक नैसर्गिक रेषा हाडाच्या लांबीस धरून दिसते; मोड बहुधा आडवी असते. हा भेद ओळखणें तज्ज्ञाचें काम आहे, घरच्यांचें नव्हे.

पालकांनीं इतकें ध्यानांत ठेवावें. मुरडलेल्या पायावर चार पावलें टाकवत नसतील, किंवा त्या उंचवट्यावर दाबतांच कळ येत असेल, तर छायाचित्र काढून घ्यावें. तोंवर पाय उशीवर उंच ठेवावा, फडक्यांत गुंडाळलेलें बर्फ थोडा वेळ लावावें, आणि चोळणें सर्वथा टाळावें. प्लास्टरमध्यें बोटें निळीं पडलीं, बधिर झालीं किंवा वेदना वाढत गेल्या, तर सकाळची वाट पाहूं नये. दूध, नाचणी, तीळ व डाळी आहारांत असाव्या, सूर्यप्रकाश मिळावा. तंबाखूनें हाड जुळण्यास विलंब होतो, हें वडील माणसांनीं विसरूं नये. प्लास्टर निघाल्यावर पाय बारीक व ताठर दिसतो. त्याचें भय बाळगूं नये. सांगितलेला व्यायाम रोज करावा व भार हळूहळू वाढवावा.

विद्यार्थ्यांस मात्र एकच सांगणें आहे. वेदना सोसणें हा पुष्कळदां गुण असतो. ती लपविणें हा गुण नव्हे. ज्या दिवशीं दुखावलें, त्याच दिवशीं सांगितलें असतें, तर आमच्या कुबड्या पुष्कळ आधीं सुटल्या असत्या.